नातं कागदावर आलं तेव्हा

कोर्टाच्या आवारात मुद्रांक विक्रेत्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला स्टॅम्प पेपर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. प्रतिज्ञापत्र असो, भाडेकरार असो की साठेखत, कागदावर सरकारचा शिक्का हवा आणि त्या शिक्क्याचे पैसे मोजायला हवेत. ब्रिटिश राजवटीबरोबर हा कर आपल्याकडे आला आणि इथेच मुरला. खुद्द इंग्लंडमध्ये तो १६९४ पासून होता. लोक कुरकुरत होते, पण भरत होते. मार्च १७६५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तोच कर अटलांटिकपलीकडच्या आपल्या अमेरिकन वसाहतींना लावला आणि दहा वर्षांनी तिथे बंदुका चालल्या.

शाळेच्या पुस्तकात हा प्रवास चार ओळींत उरकतो: जाचक कर, बॉस्टनची चहापार्टी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, क्रांती. त्यातल्या ‘जाचक’ या शब्दाशी मी नेहमी अडखळतो. वसाहतींतला माणूस त्या काळी ब्रिटनमधल्या माणसाच्या मानाने फारच थोडा कर भरत होता. आणि बॉस्टनच्या खाडीत जो चहा बुडवला गेला, तो कर धरूनसुद्धा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. स्वस्त चहा पाण्यात फेकणाऱ्याचं दुखणं निव्वळ पैशाचं नसतं. ते कशाचं होतं, हे कळायचं तर बिघाडाच्या आधीचं नातं पाहायला हवं.

ते नातं दीडशे वर्षांचं होतं. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसलं, १७३३ मध्ये जॉर्जिया ही तेरावी वसाहत आली. व्हर्जिनियात १६१९ पासून लोकांनी निवडलेली सभा होती, आणि पुढे प्रत्येक वसाहतीत तशी सभा उभी राहिली. मत फक्त मालमत्ता असलेल्या पुरुषांना होतं, पण जमीन मुबलक असल्याने असे पुरुष इंग्लंडपेक्षा इथे प्रमाणाने कितीतरी जास्त होते. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजा नेमायचा, त्याचा पगार मात्र अनेक वसाहतींत ही सभा मंजूर करायची. गव्हर्नर फार ताठ वागला तर पगार लांबायचा. कुठल्याही सनदेत ठळकपणे न लिहिलेली ही व्यवस्था रोजच्या सवयीने पक्की झाली होती.

लंडनच्या दृष्टीने वसाहती होत्या व्यापारासाठी. १६५१ आणि १६६० च्या नौकानयन कायद्यांनी ठरवून दिलं होतं की माल ब्रिटिश किंवा वसाहतींच्या जहाजांतूनच जाईल, आणि तंबाखू, साखर, नीळ असा ठरावीक माल आधी ब्रिटिश साम्राज्यातल्याच बंदरांत उतरेल. कायदे कडक होते, अंमल ढिला. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मळीचं आहे. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला मळी आणि दारू यांचं नातं ठाऊक असतं. न्यू इंग्लंडमधल्या भट्ट्या मळीपासून रम गाळत, आणि मळी सगळ्यात स्वस्त मिळे ती कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवर. ब्रिटिश बेटांवरच्या मळेवाल्यांनी आरडाओरडा केला, म्हणून पार्लमेंटने १७३३ मध्ये परदेशी मळीवर गॅलनमागे ६ पेनी कर बसवला. तो खरोखर वसूल झाला असता तर भट्ट्या बंद पडल्या असत्या. पण जकात अधिकाऱ्यांपैकी कित्येक जण पगार घेऊन इंग्लंडातच राहत आणि अमेरिकेत दुय्यम माणूस पाठवत. तो चिरीमिरी घेई, पिंपं किनाऱ्याला लागत. तीस वर्षं हे असंच चाललं. पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याने पुढे या धोरणाचं ‘हितकारक दुर्लक्ष’ असं वर्णन केलं. त्या दुर्लक्षात दोन्ही बाजूंचं भलं झालं, हे आकडेही सांगतात. १७०० च्या सुमारास वसाहतींची वस्ती अडीच लाख होती, ती १७७५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली, आणि ब्रिटिश मालाची ती मोठी बाजारपेठ बनली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १७६० च्या आगेमागे हे वसाहतवाले आपल्या आजोबांपेक्षा जास्त इंग्रज झाले होते. व्हर्जिनियातला जॉर्ज वॉशिंग्टन आपली तंबाखू लंडनच्या अडत्याकडे पाठवे आणि कोट, बूट, घोडागाडी तिथूनच मागवे. तंबाखूचा भाव लंडनला ठरे, कोटाची किंमतही लंडनला ठरे, आणि खात्यावरचं कर्ज वाढत जाई. आपल्याला मागच्या हंगामातला माल गळ्यात मारतात अशी त्याची तक्रार असे. तरी मागणी लंडनलाच जायची. त्याला राजाच्या फौजेत कायम हुद्दा हवा होता, तो मिळाला नाही. या माणसाच्या मनात तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. इंग्रजांच्या बरोबरीचा इंग्रज म्हणून त्याला वागणूक हवी होती.

मग फ्रान्सशी युद्ध झालं, आणि ते जिंकलं हाच घोटाळा झाला. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सचा उत्तर अमेरिकेतला पसारा संपला आणि कॅनडा ब्रिटनला मिळाला. वसाहतींनी घंटा वाजवल्या, दिवे लावले. पाठीशी फ्रेंच शत्रू होता तोवर त्यांना लंडनचं सैन्य हवं होतं, आता त्याची निकड उरली नाही. लंडनच्या वहीत मात्र सरकारी कर्ज जवळपास दुप्पट होऊन १२-१३ कोटी पौंडांपर्यंत गेलं होतं, आणि नव्या मुलखात सुमारे १०,००० सैनिक ठेवायचे ठरलं होतं. विजयाचा अर्थ एकाला ‘आता मोकळे झालो’ असा लागला, दुसऱ्याला ‘आता हिशेब करू’ असा.

हिशेब करायला बसले जॉर्ज ग्रेनव्हिल. चोख, कष्टाळू प्रधानमंत्री. त्यांनी पाहिलं की अमेरिकेतली जकात वर्षाला साधारण २,००० पौंड आणते आणि ती गोळा करायला त्याच्या कित्येक पट खर्च होतो. ऑक्टोबर १७६३ मध्ये राजाच्या जाहीरनाम्याने ॲपलेशियन डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली. तिकडे मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांनी पाँटियॅकच्या पुढाकाराने उठाव केला होता, आणि लंडनला आणखी एक खर्चिक लढाई नको होती. जमिनीवर डोळा ठेवून असलेल्या वसाहतवाल्यांना हा आपल्याच विजयाचा हिरावलेला घास वाटला. त्या जमिनीवर आधीपासून कोणी राहत होतं, हा विचार त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या मनात आला. १७६४ मध्ये मळीवरचा कर ६ पेनींवरून ३ वर आणला, पण आता तो खरोखर वसूल होणार होता. पकडलेल्या जहाजाचा खटला गावच्या ज्यूरीपुढे न चालवता आरमारी न्यायालयात चालवायची सोय झाली, तिथे ज्यूरीच नसे. निम्मा झालेला कर जास्त झोंबला, आणि त्यात मला काही विसंगती दिसत नाही. आधीचा कर कागदावरच राहिला होता, हा दाराशी येऊन उभा राहिला.

त्यानंतर आला स्टॅम्प पेपर. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, कोर्टाचा कागद, जहाजाचा परवाना, पदवीचं प्रमाणपत्र, सगळ्याला ठसा. वकिलीच्या सनदेला १० पौंड, पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग. ग्रेनव्हिलच्या लेखी हा अगदी सौम्य कर होता. पण त्याने नेमके वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि दारूच्या गुत्त्यात पत्ते कुटणारे खलाशी असे सगळ्यात बोलके लोक एकाच वेळी दुखावले. आणि आजवर पार्लमेंट व्यापाराला वळण लावण्यासाठी जकात बसवत आलं होतं, घराच्या आत येऊन थेट पैसे मागण्याची ही पहिली वेळ होती. आमचा पैसा आमची सभा मंजूर करते, पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, हा वसाहतींचा मुद्दा होता. लंडनचं उत्तर असं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचा तरी कुठे आहे? पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा विचार करतो, तेव्हा तुमचंही प्रतिनिधित्व होतंच. ज्या पार्लमेंटमध्ये जवळपास निर्जन झालेलं ओल्ड सेरम दोन सभासद पाठवत होतं, तिथल्या लोकांना हे उत्तर मनापासून पटत होतं. वसाहतींत निवडणूक दर खेपेला खरोखर व्हायची, म्हणून तिथे ते कोणालाच पटलं नाही.

१२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहा शाह आलमकडून ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली. म्हणजे कोट्यवधी लोकांचा सारा वसूल करण्याचा हक्क एका व्यापारी कंपनीच्या हाती आला. बरोबर दोन दिवसांनी, १४ ऑगस्टला, बॉस्टनमध्ये एका मोठ्या एल्म झाडावर स्टॅम्पचा नियोजित वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा लटकवलेला दिसला. संध्याकाळी जमावाने तो जाळला आणि ऑलिव्हरच्या घराची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी त्याने काम सोडलं. कायदा लागू व्हायच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, तेरा वसाहतींत स्टॅम्प विकायला जवळजवळ कोणी उरलंच नव्हतं. जमैका आणि बार्बाडोसने मात्र तो कर भरला. तिथे मूठभर गोऱ्या मळेवाल्यांभोवती गुलामांची प्रचंड संख्या होती आणि राजाचं सैन्य त्यांना रोज हवं होतं.

या सगळ्यात बेंजामिन फ्रँकलिनचं काय झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो वसाहतींचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता, लंडनला राहत होता आणि साम्राज्यावर त्याचं खरं प्रेम होतं. स्टॅम्पचा कायदा टळत नाही असं दिसल्यावर त्याने पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या एका मित्राचं नाव वितरक म्हणून सुचवलं. आपल्याच लोकांचं मन त्याला इतकं चुकीचं कळलं होतं. फिलाडेल्फियात त्याच्या घरावर जमाव चालून येणार अशी आवई उठली. त्याची बायको डेबोरा घर सोडून गेली नाही. तिने भाऊबंदांना बोलावून घेतलं, बंदुका आणवल्या आणि एक खोली लढायला सज्ज केली. फेब्रुवारी १७६६ मध्ये फ्रँकलिन कॉमन्स सभेपुढे साक्षीला उभा राहिला तेव्हा तो बदललेला होता. सभासदांनी पावणेदोनशेच्या आसपास प्रश्न विचारले. १७६३ पूर्वी वसाहतींचा कल कसा होता, या प्रश्नावर तो म्हणाला की जगात याहून चांगला असू शकत नाही. थोडी शाई, थोडा कागद आणि एक लेखणी एवढ्या खर्चात ते लोक सांभाळले जात होते. अमेरिकनांना पूर्वी कशाचा अभिमान वाटे, असं शेवटी विचारलं. ब्रिटनची फॅशन आणि ब्रिटनचा माल वापरण्याचा, हे त्याचं उत्तर. आणि आता? जुनेच कपडे पुन्हा घालण्याचा, नवे स्वतः विणता येईपर्यंत.

१८ मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला. बातमी बॉस्टनला पोहोचायला १६ मे उजाडला. जहाजाला अटलांटिक ओलांडायला दीड-दोन महिने लागत, त्यामुळे एक बाजू थंडावलेली असताना दुसरी तापलेली असायची. रोषणाई झाली, वाइनची पिंपं फुटली. न्यूयॉर्कच्या सभेने कृतज्ञता म्हणून राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा लंडनहून घडवून आणायचं ठरवलं. पण त्याच १८ मार्चला पार्लमेंटने आणखी एक छोटा कायदा केला होता. वसाहतींना ‘कोणत्याही बाबतीत’ बांधील ठरणारे कायदे करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असं त्यात नोंदवलं होतं. आयर्लंडसाठी १७२० मध्ये असाच कायदा झाला होता. आनंदाच्या भरात बहुतेकांनी तो वाचूनही बाजूला ठेवला. माझ्या मते नातं खरं तुटलं ते इथे. दीडशे वर्षं कोणी मोठ्याने न विचारलेला प्रश्न, की शेवटचा शब्द कुणाचा, आता लेखी उत्तरासकट पुढे आला होता. असा कागद एकदा झाला की दोन्ही बाजूंना माघार घेणं अपमानाचं होऊन बसतं.

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयातकर बसवला. रक्कम फार नव्हती. पण हा पैसा वसाहतींतल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार देण्यासाठी वापरायचा, असं कायद्यात म्हटलं होतं. वर सांगितलेली पगाराची दोरी आठवावी. सभेच्या हातातली ती दोरी कापली जाणार होती, आणि कापण्याचा खर्च वसाहतीच देणार होत्या. ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला. बायका ठिकठिकाणी चरखे घेऊन एकत्र सूत कातू लागल्या, हार्वर्डचे विद्यार्थी १७६८ मध्ये पदवी घ्यायला घरी विणलेल्या कापडात आले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये फौज उतरली. पंधरा-सोळा हजारांच्या गावात रस्तोरस्ती लाल डगले. सैनिकांचा पगार तुटपुंजा, म्हणून फावल्या वेळात ते स्थानिक मजुरापेक्षा कमी रोजावर काम शोधत. दोरखंडाच्या कारखान्यात अशाच कामावरून मारामारी झाली आणि तीन दिवसांनी, ५ मार्च १७७० ला, बर्फाचे गोळे मारणाऱ्या जमावावर गोळ्या सुटल्या. पाच जण गेले. त्यांतला क्रिस्पस ॲटक्स आफ्रिकी आणि मूळ रहिवासी वंशाचा होता. सैनिकांचं वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतलं. आठांपैकी सहा निर्दोष सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला. एवढ्या तापलेल्या गावात हा न्याय होऊ शकला, याचा अर्थ धागा अजून शिल्लक होता. त्याच ५ मार्चला लंडनमध्ये नवे प्रधानमंत्री लॉर्ड नॉर्थ यांनी टाउनशेंडचे कर काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. हक्काची खूण म्हणून चहावरचे पौंडामागे ३ पेनी तेवढे ठेवले.

आणि इथे आपला संबंध येतो. बॉस्टनच्या गोष्टीतला चहा चीनमधला, कँटनहून आणलेला. आसाम-दार्जिलिंगचा चहा तेव्हा जन्मायचा होता. पण तो ज्या कंपनीचा होता ती बंगालवर जगत होती. दिवाणी मिळाल्यावर कंपनीच्या शेअरचा भाव चढला, सरकारने १७६७ पासून वर्षाला ४ लाख पौंड मागितले, भागधारकांनी जास्त लाभांश मागितला. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं अक्षरशः गावंच्या गावं मेली. तेव्हाच्या अंदाजानुसार लोकसंख्येचा तिसरा हिस्सा गेला. १७७२ मध्ये लंडनच्या सावकारी पेढ्या कोसळल्या आणि कंपनी कर्जासाठी सरकारच्या दारात उभी राहिली. गोदामांत चहा साचून पडला होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, सोबत दोन कायदे केले. एक चहाचा: कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकायची सवलत. दुसरा नियामक कायदा: मुंबई आणि मद्रासवर कलकत्त्याचा अंकुश. या दुसऱ्या कायद्याचे पडसाद पुण्यात उमटले. मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह परस्पर केला, कलकत्त्याने तो नामंजूर केला आणि मार्च १७७६ मध्ये बारभाईंशी पुरंदरचा तह केला. बॉस्टनचा धक्का आणि पुरंदरचा तह एकाच कर्जबाजारीपणाने जोडलेले आहेत, हे आपल्याकडच्या पुस्तकांत सहसा एकत्र सांगितलं जात नाही.

वसाहतींना बंगाल माहीत होता. १७७३ च्या अखेरीस फिलाडेल्फियात ‘रस्टिकस’ या टोपणनावाने निघालेल्या पत्रकात कंपनीने आशियात काय केलं, दुष्काळात धान्याची कशी मक्तेदारी केली, ते मांडून आता ती आपल्याकडे वळली आहे असा इशारा दिला होता. मक्तेदार कंपनी, ठरावीक आडते, आणि ३ पेनींतून पगार घेणारा गव्हर्नर. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन बॉस्टनमध्येच जन्मलेला, वसाहतींचा इतिहास लिहिणारा माणूस. चहाच्या आडत्यांत त्याचे दोन मुलगे होते. कर भरल्याशिवाय जहाजं परत जाऊ द्यायची नाहीत, यावर तो अडून बसला. जहाज लागल्यापासून २० दिवसांत कर भरला नाही तर माल जप्त होणार होता. पहिल्या जहाजाची मुदत भरायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या कुऱ्हाडीने फोडून पाण्यात रिकाम्या करण्यात आल्या. सुमारे ९२,००० पौंड वजनाचा चहा, ९,६५९ पौंडांचं नुकसान.

ही बातमी लंडनला ताजी असतानाच, २९ जानेवारी १७७४ ला, फ्रँकलिनला राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे बोलावलं गेलं. हचिन्सनची खासगी पत्रं त्याने बॉस्टनला पाठवली होती, त्यावरून सरकारी वकील वेडरबर्नने भरल्या सभेत त्याला तासभर चोर ठरवून झोडलं. सरदार हसत होते. ६८ वर्षांचा फ्रँकलिन मखमली कोट घालून निश्चल उभा होता, एक शब्द बोलला नाही. लगोलग त्याची पोस्टातली नोकरी गेली. साम्राज्याला जोडून ठेवू पाहणारा बहुधा सगळ्यात कर्ता माणूस त्या खोलीत साम्राज्याने गमावला. त्याचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता, तो राजाशी एकनिष्ठ राहिला. बापलेकांचं पुढे कधी नीट जुळलं नाही.

पार्लमेंटने बॉस्टनचं बंदर १ जून १७७४ पासून बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, गावसभांना वर्षातून एकापेक्षा जास्त वेळ भरायला गव्हर्नरची परवानगी लागू केली. एका गावाला धडा शिकवायचा हेतू होता. घडलं असं की दक्षिण कॅरोलायनातून तांदूळ आणि कनेटिकटमधून मेंढ्यांचे कळप बॉस्टनच्या मदतीला निघाले. वीस वर्षांपूर्वी फ्रँकलिनने वसाहतींना एकत्र आणायची योजना मांडली होती, तेव्हा एकाही सभेने ती स्वीकारली नव्हती. आता सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले.

त्यांच्या तोंडी ‘आम्हाला गुलाम करू पाहतात’ हे वाक्य सारखं होतं. २५ लाखांतले ५ लाख खरोखरच गुलाम होते. १७७३ मध्ये बॉस्टनमधल्या गुलामांनी स्वतःच्या सुटकेसाठी सरकारकडे अर्ज केले, आणि त्यांना स्वातंत्र्य मिळालं नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोरांच्या गुलामांना मुक्तीचं वचन दिलं ते व्हर्जिनियाच्या राजनियुक्त गव्हर्नरने. स्वातंत्र्याची ही कथा मला जवळची वाटते, म्हणूनच हे वगळून ती सांगता येत नाही.

१९ एप्रिल १७७५ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला राजाची फौज आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही राजा वाईट नाही, त्याचे मंत्री वाईट, असं वसाहती अजून मानत होत्या. त्या जुलैत वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने राजाला विनंतिअर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही, २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने थेट राजेपणावरच घाव घातला.

न्यूयॉर्कने कृतज्ञतेपोटी मागवलेला पुतळा १७७० पासून बोलिंग ग्रीनच्या चौकात उभा होता. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. ९ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वसाहतींच्या फौजेपुढे वाचून दाखवला गेला आणि संध्याकाळी लोकांनी दोर लावून राजा आणि घोडा दोन्ही खाली ओढले. तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्ड गावी गेले. तिथल्या बायकामुलांनी शिसं वितळवून साच्यांत ओतलं, आणि कोणी किती केल्या त्याचा नीट हिशेब ठेवला: एकूण ४२,०८८ गोळ्या.